गर्द, मुक्तांगण आणि अतिमात्रेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

महाराष्ट्राच्या व्यसनमुक्ती चळवळीशी जुन्नर तालुक्यातील ओतूरचे नाव डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांच्यामुळे जोडले गेले. ओतूर ही त्यांची जन्मभूमी होय. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ अर्थात ब्राऊन शुगरचे व्यसन फैलावले, तेव्हा त्यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य केले व २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ पर्यंत, म्हणजे आपल्या निधनापर्यंत, त्याची धुरा वाहिली.

या केंद्राचे वैशिष्ट्य असे की, व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीच तेथे समुपदेशक झाल्या आणि कुटुंबीयांनाही उपचारात स्थान मिळाले. उद्दिष्ट मात्र संपूर्ण व्यसनमुक्तीचे होते. हानी-न्यूनीकरणाचा विचार याहून वेगळा आहे. व्यसन सुटेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, ही त्याची भूमिका. वस्तुतः हे दोन्ही विचार परस्परपूरक आहेत. काही काळ गर्द बंद राहिल्यास शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी पूर्वीइतकेच प्रमाण घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच उपचार घेऊन परतलेल्या रुग्णाला अतिमात्रेचा धोका अधिक असतो.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यानुसार जप्त मालाची रासायनिक तपासणी होते. परंतु तिचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून जातो, सेवन करणाऱ्यास सावध करण्यासाठी नव्हे. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून सेवन करणाऱ्यांनी आणलेले नमुने तपासून धोक्याची सूचना दिली जाते. याउलट मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा भेसळ उघड झाली ती माणसे दगावल्यावरच.

हा प्रश्न आता महानगरांपुरता उरलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी पुणे जिल्ह्यातीलच कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. गर्दच्या अतिमात्रेवर नॅलोक्सोन हा उतारा आहे; मेफेड्रोनवर तो चालत नाही. तेव्हा सेवन केलेला पदार्थ कोणता, हे वेळीच कळणे हाच जीवन-मरणाचा प्रश्न ठरतो. जुन्नर-आंबेगावच्या ग्रामीण रुग्णालयांत नॅलोक्सोनची उपलब्धता आणि व्यसनमुक्त व्यक्तींचा सहभाग यांची सांगड घातली गेली, तर मुक्तांगणाने घालून दिलेली लोकसहभागाची परंपरा पुढच्या टप्प्यावर जाईल.