दाखवा, पण दुरुस्त करू नका

एप्रन जड आहे. आत शिसं आहे, त्यामुळे खांदे लगेच भरून येतात. कमरेचा पट्टा घट्ट ओढा, म्हणजे ओझं थोडं कमरेवर येईल. तुम्ही अमेरिकेच्या वायव्येला, पोर्टलंडमधल्या ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात उभे आहात. १६ जानेवारी १९६४, गुरुवार. टेबलावर ८२ वर्षांच्या आजी झोपल्या आहेत. त्यांच्या एका पायाची बोटं काळी पडली आहेत, जखम भरत नाही, वेदनेनं झोप उडाली आहे. पाय कापण्याचा सल्ला मिळाला होता. आजींनी साफ नकार दिला.

टेबलापाशी वाकलेले गृहस्थ म्हणजे चार्ल्स डॉटर. वय ४३. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते इथल्या रेडिऑलॉजी विभागाचे प्रमुख झाले. अंगकाठी सडपातळ, डोळे सतत कशाच्या तरी मागावर. आजींच्या मांडीतली मुख्य धमनी एका ठिकाणी आवळल्यासारखी अरुंद झाली आहे. फिल्मवर ती जागा तुम्हालाही दिसेल. डॉटर त्या अरुंद जागेतून बारीक तार पलीकडे नेतात. तारेवरून टेफ्लॉनची एक नळी सरकवतात, मग त्या नळीवरून तिच्याहून जाड दुसरी. सुरी नाही, टाके नाहीत.

आता आजींच्या पावलाला हात लावून बघा. मघाशी गार होतं ना? काही मिनिटांत ते कोमट झालंय.

तो पाय वाचला. पुढं सुमारे अडीच वर्षं, अगदी शेवटपर्यंत, त्या स्वतःच्या पायांनी चालत राहिल्या. आपल्याकडे आज घरोघरी ‘अँजिओप्लास्टी केली’, ‘स्टेंट टाकला’ असं म्हटलं जातं. त्या बोलण्याचा उगम या खोलीत आहे, आणि तो हृदयात नव्हे तर एका म्हातारीच्या पायात आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

थोडं मागं जाऊ. १९५३, स्टॉकहोम. स्वेन-इवार सेल्डिंगर नावाचा तरुण डॉक्टर एक सुई, एक तार आणि एक नळी घेऊन कोडं सोडवतोय. सुई धमनीत घाला, सुईतून तार आत सोडा, सुई काढून घ्या आणि तारेवरून नळी आत सरकवा. इतकंच. पण त्यामुळे धमनी उघडी पाडण्यासाठी कातडी कापण्याची गरज संपली. रक्तवाहिन्यांचं चित्र काढणाऱ्यांना शरीरात शिरायचा दरवाजा मिळाला. मात्र आत शिरून नुसतं बघायचं, असाच तेव्हाचा रिवाज होता.

जून १९६३. चेकोस्लोव्हाकियातलं कार्लोव्ही व्हारी. रेडिऑलॉजीच्या परिषदेत तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात आणि व्यासपीठावर पुन्हा डॉटरच आहेत. ते सांगताहेत की रक्तवाहिनीतली नळी ही केवळ पाहण्याची वस्तू नाही, उद्या ती शस्त्रक्रियेचं हत्यार होईल. काही महिन्यांपूर्वीच, एका रुग्णाची तपासणी करताना, त्यांची नळी बंद पडलेल्या धमनीतून नकळत पार गेली होती आणि वाट मोकळी झाली होती. तो योगायोग त्यांच्या मनातून हटायला तयार नव्हता.

त्याच वर्षाअखेर शिकागोला चला. रेडिऑलॉजिस्टांच्या मोठ्या वार्षिक अधिवेशनात एका छोट्या टेबलापाशी बिल कुक हा तरुण ब्लोटॉर्चच्या ज्योतीवर प्लॅस्टिकच्या नळ्यांना आकार देतोय. कंपनी नुकतीच सुरू झालेली, ब्लूमिंग्टनमधल्या घराच्या जादा खोलीत. डॉटर येतात, बोलतात आणि ती ब्लोटॉर्च रात्रीपुरती उसनी मागून हॉटेलच्या खोलीत घेऊन जातात. सकाळी परततात तेव्हा त्यांच्या हातात तयार कॅथेटर असतात. हत्यारं बाजारात मिळत नव्हती. गिटारच्या तारा, मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल, जे हाती येईल त्यातून ती घडवावी लागत. प्लंबरला नळात जे जमतं ते आपल्याला रक्तवाहिनीत जमायला हवं, ही डॉटर यांची धारणा होती आणि पाइप-पान्याचं चिन्ह ते अभिमानानं मिरवत.

आता पोर्टलंडला परत येऊन एक कागद वाचा. सर्जनकडून रेडिऑलॉजी विभागात आलेली ती मागणीची चिठ्ठी आहे. रुग्णाच्या पायाच्या धमन्यांचं चित्र हवंय, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ताकीद आहे : दाखवा, पण दुरुस्त करायचा प्रयत्न करू नका.

हा कागद नीट हातात धरा. पुढची सगळी कहाणी त्याच्यात आहे. रेडिऑलॉजिस्टकडे रुग्ण चिठ्ठी घेऊन येतो आणि अहवाल घेऊन जातो. रुग्ण दुसऱ्याचा, खाट दुसऱ्याची, निर्णय दुसऱ्याचा. अंधाऱ्या खोलीतल्या डॉक्टरनं बोट दाखवायचं, हात घालायचा नाही. अमेरिकेतल्या सर्जननी डॉटर यांच्या पद्धतीकडे पाठ फिरवली. युरोपात मात्र ती रुजली. जर्मनीत एबरहार्ड झाइटलर यांनी ती शेकडो रुग्णांवर वापरली. तिकडे तर या क्रियेला डॉटर यांच्या नावाचं क्रियापदच चिकटलं.

१९६७ मध्ये अलेक्झांडर मार्गुलिस यांनी या नव्या कामाला नाव दिलं : इंटरव्हेन्शनल, म्हणजे मध्ये पडून उपचार करणारी रेडिऑलॉजी. पण नाव मिळालं म्हणून घर मिळत नाही. १९६८ मध्ये डॉटर यांनी आपल्याच सहकाऱ्यांना बजावलं की तुम्ही नुसते नळ्या सरकवणारे कुशल कारागीर राहू नका. उपचाराआधी आणि उपचारानंतर रुग्णाची जबाबदारी घ्या, खरे वैद्य व्हा. नाहीतर हे काम दुसरे घेऊन जातील. सभागृहात तुम्ही असाल तर माना डोलताना दिसतील. त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन रुग्णाचा हात धरला असेल?

१९७३ मध्ये संस्था स्थापन झाली. सोसायटी ऑफ कार्डिओव्हॅस्क्युलर रेडिऑलॉजी. पंगत लहान होती. मुख्यतः विद्यापीठांतले, रक्तवाहिन्यांची चित्रं काढण्यात मुरलेले मोजके डॉक्टर. एकमेकांचे सगळे ओळखीचे. कुणाची नळी कुठं अडकली, कुणाचा रुग्ण कशानं गेला, हे मोकळेपणानं बोलण्याइतका विश्वास. अशा बैठकीची ऊब मला कळते. तरीही दूरच्या जिल्हा रुग्णालयात एकट्यानं रक्तस्राव थांबवणाऱ्या डॉक्टरला या पंगतीत पाट नव्हता, हेही दिसतं.

१६ सप्टेंबर १९७७, झुरिक. आंद्रेआस ग्रुंटझिग हा तरुण डॉक्टर घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर महिनोन्‌महिने खपून नळीच्या टोकाशी फुगा बसवायला शिकलाय. डॉटर यांचं तंत्र तो झाइटलर यांच्याकडून शिकला. आज तो फुगा ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत फुगतोय. छातीत दुखणं थांबतं. तुम्ही आनंदानं टाळी वाजवाल, पण रेडिऑलॉजीच्या बाजूनं उभे असाल तर पोटात खड्डाही पडेल. हृदयाचा रुग्ण हृदयरोगतज्ज्ञाच्या दारात उभा असतो. तोच त्याला तपासतो, औषध देतो, रात्री त्याचा फोन घेतो. फुगाही मग त्याच्याच हाती जाणार, आणि तसा तो गेला. यात अन्याय शोधू नका. रुग्ण ज्याचा, हत्यार त्याचं. नऊ वर्षांपूर्वी डॉटर हेच तर सांगत होते.

पुढच्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये ग्रुंटझिग यांचं व्याख्यान आहे. श्रोत्यांत अर्जेंटिनाहून आलेले हुलिओ पाल्माझ बसले आहेत, पेशानं रेडिऑलॉजिस्ट. फुगा काढल्यावर धमनी पुन्हा मिटते, हे ऐकून त्यांच्या मनात येतं की आत आधाराला काहीतरी ठेवलं तर? पुढं गॅरेजमध्ये सापडलेल्या धातूच्या जाळीच्या तुकड्यानं त्यांना आकार सुचवला. फुग्यानं उघडणारा स्टेंट असा आला.

इकडे रेडिऑलॉजिस्टांच्या हाती हृदय राहिलं नाही, पण बाकीचं शरीर उघडत चाललं. योसेफ रॉश प्रागहून पोर्टलंडला आले होते. जठरातला रक्तस्राव थांबवायला नेमकी ती धमनीच आतून बुजवायची, हे त्यांनी आणि डॉटर यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला करून दाखवलं. कावीळ झालेल्याच्या पित्तनलिकेत नळी, पोटातल्या गळवातला पू सुईनं बाहेर, यकृतातल्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतूनच तिला औषध. १९८८ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला, यकृत निबर झालेल्या रुग्णाच्या यकृतातूनच रक्ताला नवी वाट काढून तिथं स्टेंट बसवला गेला; ही कल्पना रॉश यांनी १९६९ मध्ये मांडली होती.

हे काम असं वाढत असतानाच, १९८३ मध्ये, संस्थेच्या घराची पाटी बदलली. ‘इंटरव्हेन्शनल’ हा शब्द नावात आला. हळूहळू पंगतही वाढली.

१९८५ मध्ये मात्र थांबा. त्या एकाच वर्षात जानेवारीत मेल्विन जडकिन्स गेले, आजींच्या पायावरच्या उपचाराच्या शोधनिबंधातले डॉटर यांचे सहलेखक. फेब्रुवारीत डॉटर गेले. ऑक्टोबरमध्ये ग्रुंटझिग यांचं विमान जॉर्जियात कोसळलं. तिन्ही हात एका वर्षात थांबले. अशा वेळी संस्था कशासाठी असते ते कळतं. माणसाच्या बोटांत असलेलं ज्ञान माणसाबरोबर जातं, ते कुठंतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

संस्थेतल्या डॉक्टरांनी लिहायला घेतलं. १९९० मध्ये संस्थेचं स्वतःचं नियतकालिक सुरू झालं. त्याचे जुने अंक काढून चाळा. नव्या शोधांपेक्षाही मला त्यातले उपचारांच्या दर्जाविषयीचे लेख मोलाचे वाटतात. अमुक उपचारात यश किती वेळा यायला हवं, गुंतागुंत किती टक्क्यांच्या वर गेली की आपल्या विभागानं स्वतःची झडती घ्यायची, असे आकडे. आपल्या चुकांची मर्यादा आपणच ठरवून ती छापायची, याला धैर्य लागतं. चिठ्ठीवरच्या त्या ताकिदीला याहून चांगलं उत्तर सुचत नाही. आम्ही दुरुस्त करतो, आणि बिघडलं तर ते मोजतो, आमच्या नावानं.

२००२ मध्ये पाटी पुन्हा बदलली. सोसायटी ऑफ इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी. हृदय नावातून उतरलं. ते फार आधीच हातातून गेलं होतं, आता दारावरूनही गेलं. जुन्या सभासदांना हे सोपं गेलं नसेल. पण राहिलेला शब्द आता उसना नव्हता, स्वतःचा होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय विशेषशाखांना मान्यता देणाऱ्या मंडळानं इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीला स्वतंत्र मूळ शाखेचा दर्जा दिला. निदानाच्या रेडिऑलॉजीवरची ही जोडशाखा राहिली नाही. नव्या अभ्यासक्रमात प्रतिमा वाचणं आहे, क्रिया करणं आहे आणि रुग्णाची देखभालही आहे : अतिदक्षता, वॉर्डातल्या फेऱ्या, बाह्यरुग्ण विभाग. डॉटर यांचं १९६८ मधलं बोलणं नियमात यायला ४४ वर्षं लागली. मोजक्यांची ती पंगत आज हजारोंची आहे. आपल्याकडेही इंडियन सोसायटी ऑफ व्हॅस्क्युलर अँड इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी आहे आणि तिच्यापुढचा प्रश्नही तोच आहे : रुग्णाची जबाबदारी कोण घेणार?

एप्रन उतरवा. खुंटीला अडकवा, घडी घालू नका, आतल्या शिशाला चिरा पडतात. बाहेर मुंबईतली आजची सकाळ आहे. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एका दारावर इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीच्या ओपीडीची पाटी आहे. बाकावर नातवाबरोबर आलेल्या आजी बसल्या आहेत, मांडीवर पिशवी, पिशवीत फायली. आत बोलावणं येतं. डॉक्टर फाइल बाजूला ठेवतात, स्टूल ओढून समोर बसतात आणि आजींचं पाऊल स्वतःच्या गुडघ्यावर घेतात. दोन बोटं घोट्याच्या मागं ठेवून बराच वेळ नाडी शोधत राहतात.

“आजी, रात्री पाय खाटेवरून खाली सोडून बसावं लागतं का?”

“रोज, डॉक्टर. वर घेतला की आगच होते नुसती.”

“किती दिवस?”

आजी बोटांवर मोजायला लागतात. डॉक्टर थांबतात.