वारणाकाठची तार

ऊसपट्ट्यातल्या माणसाला 'तोड कधी येणार?' या प्रश्नाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. तोड लांबली की उसाचे वजन घटते, रान मोकळे होत नाही आणि पुढच्या पिकाचा हंगाम हातचा जातो. म्हणून गटऑफिसच्या खेपा आणि चिटबॉयची मनधरणी हे तिथले जुनेच चित्र. आपल्याकडच्या ग्रामीण इंटरनेटचा पहिला गाजलेला प्रयोग याच खेपांभोवती घडला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, ते मोठ्या महानगरांपुरते. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आकाराला आला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे त्यासाठी निवडली गेली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी खर्च वाटून घेतला. ५४ केंद्रांत संगणक बसले. पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण असे सगळे गावातच मिळेल, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात या केंद्रांचा मुख्य उपयोग कारखान्याच्या कामापुरताच झाला. तोडणीचा परवाना, उसाचे वजन, खताची खरेदी या नोंदी शेतकऱ्याला गावात मिळू लागल्या. खेप वाचली, हे कमी नव्हे. पण बाजारभाव आणि पीकसल्ल्याची स्वप्ने कागदावरच राहिली. संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला.

पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील संशोधकांनी इथे 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साधा मोबाइल वापरून पाहिला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा आणि माहिती मागवायची. संगणकावर होणारी सगळी कामे एसएमएसवर झाली, तीही स्वस्तात, आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत अधिक सोयीची वाटली.

यावरून पहिला प्रकल्प फसला असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो अपुरा वाटतो. संगणक मागे पडला, गरज मागे पडली नाही. ज्या माहितीवर शेतकऱ्याचा पैसा अडलेला होता ती त्याने कोणत्याही साधनातून मिळवली, बाकीची मिळवली नाही. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचा इतिहासही हेच सांगतो. गिऱ्हाइकाला फोनची निकड होती आणि बूथ चालवणाऱ्याला प्रत्येक कॉलमागे कमिशन होते. म्हणून ते बूथ तालुक्याच्या गावापासून एसटी स्टँडपर्यंत टिकले.

मात्र वारणेच्या नोंदींत एक अनुपस्थिती मला अस्वस्थ करते. त्या व्यवस्थेचा पाया उसाचे खाते हा होता. ज्याच्या नावावर ऊस, त्याला माहिती. हा ऊस तोडायला बीडसारख्या दुष्काळी भागांतून येणाऱ्या टोळ्या त्याच गावांच्या शिवारात पाले ठोकून महिनोन् महिने राहतात. त्यांनाही हिशेब असतो: मुकादमाकडून घेतलेली उचल किती, फिटली किती, राहिली किती. तो हिशेब पाहण्यासाठी कुठल्या केंद्रात जावे? गाव जोडले गेले होते, गावातले सगळे जोडले गेले नव्हते.

हाच दोष पुढे राष्ट्रीय प्रमाणावर गेला. २०११ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, त्यालाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. उद्दिष्ट होते सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. म्हणजे मोजणीचे एकक ठरले ग्रामपंचायत. तार पंचायतीच्या इमारतीत पोचली की गाव जोडलेले. वस्ती, वाडी, पाडा त्या मोजणीत वेगळे दिसत नाहीत. ब्रॉडबँड कशाला म्हणायचे हेही बदलत गेले: २००४ च्या धोरणात किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट होता, २०२३ मध्ये तो २ मेगाबिट झाला. व्याख्या आठपट वाढली, एकक तेच राहिले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, तेव्हा रेंजसाठी मुले टेकड्या चढली. कागदावर जोडलेले गाव आणि रेंज शोधणारे मूल यांतले अंतर तेव्हा सगळ्यांना दिसले.

तार टाकणे अवघड आहेच, पण तो अर्धाच रस्ता. उरलेला अर्धा वारणेने पंचवीस वर्षांपूर्वीच दाखवला होता: माणसाचे काम कशावर अडले आहे ते आधी विचारा आणि मोजताना इमारती नव्हे, माणसे मोजा. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या वारणेच्या वाटेला लागलेल्या असतील. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खिशात आज मोबाइल आहे. उचलीचा हिशेब मात्र अजून मुकादमाच्या वहीतच आहे.