‘सावत्र’ : शब्दातले वैर

‘सावत्र’ हा शब्द ‘सवत’ या शब्दाच्या कुळातला. सवत म्हणजे संस्कृतातली सपत्नी. आणि तिच्यावरूनच आलेला पुल्लिंगी ‘सपत्न’ म्हणजे शत्रू. आईपण येण्याआधी वैरच या शब्दात शिरले. आपल्या परिचयाच्या पौराणिक सावत्र आया, रामाची कैकेयी आणि ध्रुवाची सुरुची, दोघींच्याही सवती हयात होत्या. भांडण दोन राण्यांचे, गादीच्या वारशाचे होते.

महाराष्ट्रातल्या साध्या घरांत मात्र सावत्र आई बहुधा बिजवराला दिलेली पोर असे. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली. त्याच वर्षी रमाबाई घरात आल्या. त्या ११ वर्षांच्या, ते ३१ वर्षांचे. रानड्यांना मूल नव्हते. पण ज्या बिजवरांना होते, त्यांच्या घरी अशीच एखादी मुलगी एका दिवसात आई होई. तिचे वैर कोणाशी असणार? शब्दाने ते आधीच ठरवून ठेवले होते.

माझी आजी अशीच चौदाव्या वर्षी दोन मुलांची आई झाली. पहिलीचा कोप होऊ नये म्हणून तिच्या नावाचा चांदीचा टाक आजीने जन्मभर गळ्यात वागवला. त्या दोन मुलांतले धाकटे माझे वडील. ते तिला आईच म्हणत. गाव ‘सावत्र’ म्हणे.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याने सवत घरातून गेली, शब्द राहिला. घराची वंशावळ लिहिताना आजीच्या नावामागे मी तो लावलेला नाही.