खाडीवरचा पूल आणि राहून गेलेली रेल्वे

भिलाईत स्थायिक झालेल्या आपणा मराठी मंडळींची मुळे बहुतांशी विदर्भात. मुंबईशी आपला संबंध पूर्वी पाहुण्यापुरताच होता. आता मात्र अनेक घरांतील मुले-मुली शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने खारघर, नेरूळ, कोपरखैरणे, पनवेल या भागांत राहू लागली आहेत. मुंबई मेलने कल्याणला उतरायचे, लोकलने ठाणे गाठायचे, तेथून वाशी-पनवेलची गाडी धरायची, हा प्रवास आपल्या पाठ झाला आहे. हा ठाणे-वाशी मार्ग प्रवाशांसाठी सुरू झाला २००४ साली. नवी मुंबई वसवायचे ठरले त्याला तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. एवढा उशीर का झाला, याचा इतिहास आखीव शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी जाणून घेण्याजोगा आहे.

मुंबई म्हणजे समुद्रात शिरलेली एक चिंचोळी पट्टी. गोदी, बँका, कचेऱ्या, सरकार सारे दक्षिणेच्या टोकाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली आणि पुढे त्या रुळांच्या कडेनेच शहर उत्तरेकडे वाढत गेले. सकाळी सारी मुंबई दक्षिणेला जाते आणि संध्याकाळी उत्तरेला परतते. दोन्ही बाजूंना पाणी असल्यामुळे माणसांना तिसरी वाट नाही. १९५१ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती, ती १९७१ मध्ये जवळजवळ ६० लाख झाली. वीस वर्षांत दुप्पट!

हे संकट येणार हे जाणत्यांना आधीच दिसले होते. महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक (वैतरणेवरच्या मोडकसागर धरणाला त्यांचेच नाव आहे) आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या बृहत् आराखड्याची रूपरेषा मांडली. चंदीगडचा पहिला आराखडा करणारे मेयर ते हेच. पुढे शहराची हद्द १९५० आणि १९५७ अशी दोनदा वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. वाढीची दिशा मात्र तीच राहिली, जुन्या रुळांच्या कडेने उत्तरेकडे.

दिशा बदलण्याचा खरा विचार १९५८ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाने केला. सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव स. गो. बर्वे हे त्याचे अध्यक्ष. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुण्याची घडी पुन्हा बसविणारे हेच बर्वेसाहेब. या गटाने फेब्रुवारी १९५९ मध्ये अहवाल दिला. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून मुंबई पलीकडच्या मुख्य भूमीशी जोडावी, ही त्यातली एक प्रमुख शिफारस. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. बर्वे गटाने सुचवलेला पूल रेल्वे आणि रस्ता दोन्हींसाठी होता. पुढची सारी कथा या एका तपशिलाभोवती फिरते.

१९६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंबईत उद्योगांची गर्दी आणखी वाढू देऊ नये, खाडीपलीकडे छोट्या-छोट्या वसाहतींची साखळी उभारावी, असे तिचे म्हणणे. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून बंदराच्या पलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. पटेल हे केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलाचे अभियंते. तिघेही तेव्हा तिशी-चाळिशीतले, कोणी न सांगता स्वतःच्या शहराची चिंता वाहणारे! सरकारने हा विचार उचलला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रादेशिक नियोजन मंडळाने जुळे शहर सुचवले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ज. ब. डिसूझा तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झाले. ९५ गावांच्या परिसरातील सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी मुक्रर झाले.

योजनेचे अर्थकारण साधे होते. शेतजमीन स्वस्तात घ्यायची, रस्ते-पाणी-गटारे करायची, वाढलेल्या भावाने भूखंड विकायचे आणि आलेल्या पैशातून पुढची कामे करायची. कागदावर यात खोट काढता येत नाही. पण जमिनीचा भाव शहरामुळे वाढणार होता आणि ती वाढ मूळ मालकाच्या पदरात पडणार नव्हती. आगरी-कोळी समाजाची भातशेती, मिठागरे, मासेमारी सारेच या आखणीखाली गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना या लढ्यातून आली. हा विचार आधीच का सुचला नाही, असे राहून राहून वाटते. भिलाईचा कारखानाही गावांच्या जमिनीवरच उभा आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका नाही.

आता पुलाकडे येऊ. तो १९७३ मध्ये खुला झाला, पण फक्त रस्त्यासाठी. रेल्वे राहून गेली. वाशीत घरे तयार होती, रस्ते रुंद होते, शाळा होत्या. परंतु नोकरी मुंबईत, आणि जायला एकच पूल. गाडी नसलेल्या माणसाने तिथे राहायचे कसे? दुसरी गोष्ट राज्य सरकारची. सचिवालय खाडीपलीकडे जाईल या भरवशावर योजनाकारांनी बरेच काही मांडले होते. प्रत्यक्षात त्याच काळात समुद्र बुजवून नरिमन पॉइंटला कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि १९८१ मध्ये नवे विधानभवनही तिथेच झाले. बेलापूरच्या वाट्याला आले कोकण भवन. घरच्या यजमानानेच पंगतीला यायचे नाकारल्यावर पाहुण्यांनी का बसावे?

बाजार मात्र गेले. कांदा-बटाट्याचा बाजार तुर्भ्याला आणि लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीला. हे दुसरे नाव भिलाईकरांच्या परिचयाचे असणारच.

दरम्यान माणसे कुठे गेली? जिथे लोकल जात होती तिथे. मीरा-भाईंदर, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली. योजना एका दिशेला बोट दाखवत होती आणि शहर रूळ पाहून दुसरीकडे चालले होते. माझ्या मते नवी मुंबईच्या रेंगाळण्याचे पहिले कारण हेच. नियोजनकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही, त्यांच्या नकाशात वसाहती रेल्वे स्थानकांभोवतीच मांडलेल्या होत्या. स्थानके कागदावर होती, एवढेच.

अखेर ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली. बर्वे अहवालापासून तेहेतीस वर्षांनी! खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. शहरी रेल्वेचा खर्च जमिनीच्या विक्रीतून निघू शकतो हे या निमित्ताने सिद्ध झाले, आणि तसे असेल तर ते वीस वर्षे आधीच करता आले नसते का, असा प्रश्न उरतोच. त्यानंतर बेलापूर, पनवेलपर्यंत रूळ गेले आणि वस्ती झपाट्याने भरली. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सव्वाअकरा लाखांच्या घरात होती. पनवेल, खारघर, कामोठे हा भाग त्यात धरलेला नाही.

आपल्या भिलाईत क्रम उलटा होता. नागपूर-कलकत्ता लोहमार्ग एकोणिसाव्या शतकातच इथून गेला. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याबरोबरच सेक्टर वसत गेले. म्हणजे रूळ आधी, काम त्यानंतर, घरे कामाच्या शेजारी. अर्थात इथे मालक एकच होता, ही सोय मुंबईला नव्हती. देशाच्या रेल्वेला रूळ पुरवणाऱ्या गावातून हे लिहिताना थोडी गंमत वाटते.

मुंबईत मोटारींची बाजू नेहमीच भक्कम राहिली. विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने साठच्या दशकात द्रुतगती मार्गांचा आराखडा दिला. नव्वदच्या दशकात आपले नागपूरचे नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना सुमारे पन्नास उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने किनारी रस्ता खुला झाला. मुंबईत पहिली मेट्रो धावली ती मात्र ८ जून २०१४ रोजी, तीही वर्सोवा ते घाटकोपर.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. सहा पदरी रस्ता आहे. दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव आहे, आणि रेल्वे याही पुलावर नाही. पलीकडे रेल्वे आहे ती वेगळी, नेरूळ-बेलापूरहून उरणला जाणारी. तिचा उरणपर्यंतचा शेवटचा टप्पा योगायोगाने त्याच दिवशी सुरू झाला. सेतू जिथे चिर्ल्याला जमिनीवर उतरतो, तिथून जासई जवळच आहे.