पस्तीस सेनची पेटी

सन १८९०. तुम्ही टोकियोच्या निहोनबाशी भागात, बाकुरोचोच्या घाऊक पेठेत उभे आहात. समोर तोमिरो नागासे यांचं दुकान, तीन वर्षांपूर्वी थाटलेलं. गिफूहून आलेल्या या व्यापाऱ्याचं वय अजून तिशीच्या आत आहे. फळीवरचा विलायती साबण चांगला, पण परवडत नाही. देशी साबण स्वस्त, पण चेहऱ्याला लावायच्या लायकीचा नाही. दुसरा कुणी दोन्ही विकून गल्ला मोजत बसला असता. नागासे मात्र रसायनशास्त्र शिकायला बसले आणि कामेतारो मुराता या कसबी साबणकाराला त्यांनी हाताशी धरलं.

कढईपाशी या. तेल-चरबी आणि कॉस्टिक सोडा रटरटतोय. मीठ पडलं की दाट साबण वर येतो, खारं पाणी तळाशी बसतं. ते नीट निथळलं नाही तर सोडा वडीत उरतो आणि कातडी चुरचुरते. खरी गोम इथेच आहे.

आता तयार पेटी हातात घ्या. किरीच्या लाकडाची, हलकी. आत ‘काओ’ साबणाच्या ३ वड्या, मेणकागदात गुंडाळलेल्या. सोबत माहितीपत्रक आणि तपासणीचा दाखला. किंमत ३५ सेन. बाहेर सोबा नूडल्सचा वाडगा १ सेनला मिळतो! आपल्या उटण्यासारखी भाताच्या कोंड्याची पुरचुंडी घरोघरी असताना एवढे पैसे कोण मोजणार? तरी लोक मोजतात. माझ्या मते ते त्या दाखल्याला मोजतात. गिऱ्हाइकाला पुरावा हातात देणारा दुकानदार तेव्हा दुर्मीळच होता.

१९११ साली, पन्नाशीही न गाठता, तोमिरो जातात. वडिलांचंच नाव धारण केलेला त्यांचा मुलगा १९३१ मध्ये नव्या वेष्टनातली वडी १० सेनला आणतो. मला हा मुलगा बापाइतकाच मोठा वाटतो, कारण चांगला साबण बेताच्या मिळकतीच्या घरांतही पोचावा, हे त्याने मनावर घेतलं.

पुढे कारभार घराण्याबाहेर जातो. १९६४ मध्ये थायलंड आणि तैवानमध्ये कंपन्या उभ्या राहतात. १९८५ साली कंपनीच्या नावातून ‘साबण’ गळतो, उरतं नुसतं ‘काओ’. आणि १९८८ मध्ये, रसायनतज्ज्ञ योशिओ मारुता अध्यक्ष असताना, काओ सिनसिनाटीची अँड्र्यू जर्गन्स कंपनी विकत घेते. तीही मूळची साबणवालीच, १८८२ सालची, म्हणजे नागासेंच्या दुकानाहून ५ वर्षांनी थोरली. अमेरिकेत घरोघरी हाता-पायांना चोपडलं जाणारं जर्गन्स लोशन त्या वर्षापासून टोकियोच्या मालकीचं झालं.