गवान, महमूद : बहमनी परराष्ट्रनीतीतील विद्या व खलिते

बहमनी सल्तनतीचा ख्यातनाम वजीर (१४११–८१). कास्पियन सागराकाठच्या गीलान प्रांतात जन्मलेला महमूद गवान १४५३ च्या सुमारास व्यापाराच्या निमित्ताने बीदरास आला आणि पुढे राज्याचा कारभार त्याच्या हाती आला. गोवे जिंकण्यात त्याच्या तलवारीचा वाटा होताच. परंतु परराज्यांशी संबंध जोडताना सैन्यबळाइतकीच विद्वत्ता, लेखणी आणि आदरातिथ्य ही साधने त्याने ज्या जाणतेपणाने वापरली, त्याला आजच्या परिभाषेत सौम्य सत्ता म्हणता येईल. ओस्मानी सुलतान दुसरा महंमद याच्याशी झालेला पत्रव्यवहार ‘रियाझुल्-इन्शा’ या त्याच्या पत्रसंग्रहात आढळतो. हेरातचा कवी जामी यासही त्याने दख्खनेत येण्याचे आग्रहाचे आमंत्रण धाडले. जामी आला नाही, तरी त्या आमंत्रणाने बीदरचे नाव इराणी विद्वत्सभांत पोहोचले, आणि मला हेच त्याचे खरे यश वाटते. १४७२ मध्ये बीदरास त्याने उभारलेला, इराणी घाटाचा व रंगीत कौलकामाने मढविलेला मदरसा याच धोरणाचे दृश्य रूप होय.

अंतर्गत व्यवस्थेत त्याने प्रत्येक तर्फेचे (प्रांताचे) दोन भाग पाडले. त्यांत वऱ्हाडाचे गाविलगड व माहूर असे विभाग झाले. अधिकार घटल्याने सरदार दुखावले. ज्याच्या पत्रांनी राज्याची कीर्ती दूरवर नेली, त्या वजिराचा, या सरदारांनी रचलेल्या, ओरिसाच्या राजास लिहिल्याचे भासविलेल्या बनावट पत्रावरून, तिसऱ्या मुहंमदशाहाच्या हुकुमाने ५ एप्रिल १४८१ रोजी वध झाला. काही वर्षांतच वऱ्हाडात इमादशाही स्वतंत्र झाली.