वर्ध्यात चांगले जेवावे कोठे?

एखाद्या नामांकित नगरीत परका मनुष्य उतरला म्हणजे देऊळ, वाडा, संग्रहालय यांच्या चौकशीपूर्वी तो एक प्रश्न हमखास विचारतो : येथे चांगले जेवावयास कोठे मिळेल? प्रश्न पोटाचा, म्हणून तो हलका मानण्याची आपल्याकडे चाल आहे. आमच्या मते मात्र हा इतिहासाचाच प्रश्न होय. गाव काय पिकवते, काय शिजवते आणि पंगतीला कोणाला बसवते, हे कळले म्हणजे त्या गावाची निम्मी बखर वाचून झाली असे समजावे.

इटलीतील बोलोन्या या नगरीचे उदाहरण घ्या. तेथील विद्यापीठाचा आरंभ १०८८ साली झाला असे मानतात, आणि म्हणून इटलीचे लोक त्या नगरीला 'विदुषी' म्हणतात; परंतु त्याच दमात ते तिला 'पुष्ट' असेही म्हणतात! या दोन पदव्यांत तेथे कोणाला विसंगती वाटत नाही. १९७२ साली त्या नगरीने आपल्या शेवयांच्या पट्टीची रुंदी ठरवून ती व्यापारमंडळाच्या दप्तरी नोंदविली. १९८२ साली त्यांवर घालावयाच्या मांसाच्या रश्श्याची कृतीही रीतसर जमा केली. जमिनीचा सातबारा जसा जपावा, तसा त्यांनी रश्श्याचा जपला. आपण वर्ध्याच्या परिसरातील मंडळी असे काय दप्तरी ठेवणार आहोत, हा विचार आज मांडावयाचा आहे.

बोलोन्याच्या मानाने आमचे वर्धा कालचे पोर. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढला, त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठ्यास होते, आणि १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी आजचे शहर आखले गेले. पुढच्याच साली, १८६७ मध्ये, मुंबईहून निघालेली आगगाडी नागपुरास पोचली. रूळ आणि कापूस या दोहोंनी हे गाव वाढविले. मारवाडी पेढीवाला, गुजराती दलाल, तेलुगु मजूर, वऱ्हाडातला शेतकरी असे नाना तऱ्हेचे लोक येथे आले, आणि प्रत्येकाने आपली चूल बरोबर आणली. भोवतालची गावे, आमचे सिंदी (मेघे), सावंगी, बोरगाव ही सगळी, ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, वांग्याचे भरीत आणि सणावारी पाटोडीचा रस्सा यांवर पोसलेली. जत्रेला अगर नवसाला गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी असली, की पंगत उठता उठत नसे. हे जेवण कोणी ग्रंथात लिहून ठेवले नाही. मराठीत पाककृतींचे मोठे पुस्तक 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले खरे; पण खेड्यातील चुलीची विद्या ही हातातून हातात आणि सासूकडून सुनेकडे जाणारी. ती पुस्तकाची वाट पाहत थांबली नाही.

मात्र जेवण चांगले आहे एवढ्याने भागत नाही. ते कोणाला मिळते, हाही प्रश्न आहे. ज्याला विहिरीवर पाणी नाही आणि देवळात प्रसाद नाही, त्याने चांगले जेवावे कोठे? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते हाच प्रश्न देशासमोर ठेवावयास. पुढच्या वर्षी, जुलै १९२८ मध्ये, वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. मंदिर त्यांच्याच घराण्याचे. विरोधही त्यांच्याच माणसांतून झाला. देवळाचे दार उघडले म्हणून घरोघरच्या पंगती त्याच दिवशी एक झाल्या, असे समजण्याचा भाबडेपणा आपण करू नये. त्या होण्यास पुढे किती काळ लागला, आणि कोठे अद्यापि लागतो आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे. तरीपण वर्ध्याच्या जेवणाच्या इतिहासातील पहिले मानाचे पान आम्ही या घटनेला देतो. कारण पदार्थाची चव पंगतीच्या न्यायानंतर येते.

दुसरे पान मगनवाडीचे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालालजींनी आपली बाग त्यासाठी दिली आणि महात्माजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून ती मगनवाडी झाली. संघाची धुरा अर्थशास्त्रज्ञ जोसेफ कुमारप्पा यांच्याकडे होती. महात्माजी तेथे राहावयास आले आणि त्यांनी स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा केली. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, साखरेच्या जागी गूळ, कच्ची हिरवी पाने, चिंच, कडुनिंबाच्या पाल्याची चटणी! पाहुणा कितीही थोर असो, ताटात हेच.

हा केवळ विरक्तांचा हट्ट होता काय? नव्हे. गिरणीत सडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळाचा कोंडा गेला म्हणजे त्याबरोबर एक जीवनसत्त्वही जाते आणि बेरीबेरीचा रोग जडतो, याचा धागा डच वैद्य आइकमन यांना जावा बेटात गवसला होता आणि १९२९ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले होते. कुमारप्पांनी त्यात अर्थशास्त्र जोडले. सडण्याचे काम गिरणीकडे गेले, तर खेड्याचा कोंडाही जातो आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते. एकाच घावात शरीर आणि संसार दोन्ही दुबळे होतात. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्माजी शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, गेले आणि हाच साधा आहार तिकडेही गेला. १९३८ च्या अखेरीस त्यांच्याच हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात उभे आहे.

तिसरे पान गोरसाचे. १९४१ साली जमनालालजींनी सर्व व्याप सोडून गोसेवेला वाहून घेतले आणि गोसेवा संघ स्थापन झाला. दूध-तूप घ्यावयाचे ते गाईचेच, हे संघाचे व्रत. कारण सरळ होते : ज्या दुधाला गिऱ्हाईक नाही, ते देणारे जनावर शेतकरी किती दिवस पोसणार? आमच्या भागातील गवळाऊ ही पांढरी, चपळ, काटक जात तर या मातीचीच. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी निवर्तले; कार्य मात्र राहिले. वर्ध्याच्या गोरस भांडारात मिळणारा, गाईच्या तुपातला खुसखुशीत गोरसपाक हा त्या गोसेवेचा जिभेला कळणारा वारसा होय. ज्या गावाने जिभेवर ताबा ठेवण्याचा धडा देशाला दिला, त्याच गावाची खूण म्हणून पाहुणा एक गोड पदार्थ बांधून नेतो. यात आम्हांला विसंगती वाटत नाही. आश्रमाने पथ्य सांगितले आणि गावाने चव सांभाळली. पथ्यावाचून चव माजते, आणि चवीवाचून पथ्य टिकत नाही.

आता एका गोष्टीकडे आपले लक्ष विशेष वेधावयाचे आहे. १९३५ साली मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले. हे कडधान्य गरिबाच्या ताटात आले तर स्वस्तात पौष्टिक अन्न मिळेल, अशी महात्माजींची अपेक्षा होती. आज काय दिसते? पावसाळ्यात वर्ध्याहून कोणत्याही दिशेला निघा. कपाशी आणि तुरीच्या जोडीला सोयाबीनची शेतेच शेते पसरलेली आहेत. मगनवाडीचे बियाणे जणू अवघ्या विदर्भाने पेरले! परंतु ते सोयाबीन आमच्या ताटात आले नाही. ते बाजारात जाते, तेथून तेलाच्या कारखान्यात जाते, त्याची पेंड कोंबड्यांना आणि जनावरांना जाते. शेतकऱ्याच्या घरात येतो तो भाव, आणि तोही दर वर्षी पुरेसा येतोच असे नाही. या पिकाने जागा घेतली, ती पुष्कळ ठिकाणी ज्वारीची. ज्वारी गेली तशी भाकरी गेली, कडबा गेला, आणि कडब्यावर जगणारे गोठ्यातले जनावरही गेले. अन्न म्हणून ज्याचे स्वागत झाले ते केवळ माल होऊन बसले, आणि जे अन्न होते ते मागे हटले.

यात शेतकऱ्याला दोष देणे आम्हांला मान्य नाही. कर्ज, पाऊस आणि भाव या तिहींच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला पूर्वजांच्या भाकरीचे गुणगान ऐकविणे ही क्रूर थट्टा होईल. दोष असला तर तो खाणाऱ्यांचा, म्हणजे आपणा शहरवासीयांचा आहे. ज्वारीला गिऱ्हाईक राहिले नाही, म्हणून ज्वारी राहिली नाही. जमनालालजींनी गोरसाविषयी केलेला हिशेब येथेही लागू पडतो : पदार्थ वाचवावयाचा तर तो विकत घेऊन खाल्ला पाहिजे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाचा कागद हळद पिकवीत नाही. ती पिकविणाऱ्याला गिऱ्हाईक लागते.

तर मग, चांगले जेवावे कोठे? विचारणाऱ्या पाहुण्याला आम्ही असे सांगू : मगन संग्रहालय पाहा, सेवाग्रामच्या झोपड्या पाहा, गोरसपाकाचा पुडा बांधून घ्या. आणि भोवतालच्या एखाद्या गावी रोडग्यांची पंगत बसली असेल, तर आग्रहाची वाट न पाहता पाट ओढून बसा. मात्र बसण्यापूर्वी त्या पंगतीत गावातले सर्वजण बसले आहेत ना, एवढे पाहून घ्या. बोलोन्याने आपली कृती व्यापारमंडळाच्या कपाटात ठेवली. आमच्याकडे तसले कपाट नाही, आणि नुसत्या कपाटाने आमचे काम होणारही नाही. आठवड्यातून चार दिवस घरी भाकरी होऊ द्या, ज्वारी जवळच्या शेतकऱ्याकडून घ्या, आणि अंबाडीची भाजी कशी करतात हे घरातल्या मुलीला आणि मुलालाही शिकवा. वर्ध्याच्या चुलीचे दप्तर या रीतीनेच राखले जाईल.